डॉट दाबला, पण अर्धंच काम झालं: विममध्ये बदल पुन्हा करताना येणारी अडचण

विम या टेक्स्ट एडिटरमध्ये एक बदल करायचा, पुढच्या जागी जायचं आणि डॉट (पूर्णविरामाचं बटण) दाबायचा, की तोच बदल तिथेही होतो. नव्या माणसाला विम दाखवताना आपण सगळे आधी हीच गंमत दाखवतो. दोन दिवसांनी तोच माणूस तक्रार घेऊन येतो, "माझ्याकडे डॉट नीट चालत नाही." कधी लिहिलेल्या मजकुराचा फक्त शेवटचा तुकडा उमटतो. कधी भलतीच अक्षरं खाल्ली जातात. कधी पंधरा मिनिटांपूर्वीचा विसरलेला बदल अचानक समोर येतो. माझंही बराच काळ हेच चालू होतं. वैतागून मी डॉटचा नादच सोडला होता आणि ओळीमागून ओळ हाताने बदलत बसायचो.

पुढे लक्षात आलं की दरवेळी घोळ एकाच जागी होतो. मी ज्याला 'एक बदल' म्हणत होतो आणि विम ज्याला एक बदल म्हणत होतं, त्यांचा मेळ बसत नव्हता. डॉट विमच्या हिशोबाने चालतो. त्या हिशोबात बदल कुठे सुरू झाला आणि कुठे संपला एवढं कळलं, की निम्म्याहून जास्त तक्रारी मिटतात.

लिहिण्याची पद्धत आधी सांगतो. बटणांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. 'मोठा ए' म्हणजे शिफ्ट धरून ए. 'सी-आय-डब्ल्यू' म्हणजे तीन बटणं एकामागून एक. मधली आडवी रेघ दाबायची नाही.

आधी एक चाचणी

बदल एकदा करा, एस्केप दाबून नॉर्मल मोडमध्ये (जिथे बटणं आज्ञा म्हणून चालतात) या आणि फक्त एकदा 'यू' (अनडू, म्हणजे बदल मागे घेणं) दाबा. अख्खा बदल परत फिरला का? अर्धाच फिरला असेल तर डॉटही बहुधा अर्धंच करणार आहे, कारण बदलाचे तुकडे झालेले आहेत. ही चाचणी फुकटची आहे. अनडू हा डॉटच्या लेखी बदल नाही, त्यामुळे 'यू' नंतर डॉट दाबला की तोच बदल पुन्हा लागू होतो.

मात्र 'यू'ने सगळं फिरलं म्हणून डॉटही सगळं करेलच, असं धरून चालू नका. व्हिज्युअल मोड (आधी मजकूर निवडायचा, मग बदलायचा) आणि मॅपिंग (एका बटणाला जोडलेला बटणांचा क्रम) ही दोन ठिकाणं त्याला अपवाद आहेत. त्यांच्याकडे पुढे येतो.

फक्त शेवटचा तुकडा पुन्हा येतो

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही. इन्सर्ट मोडमध्ये (मजकूर लिहिण्याच्या मोडमध्ये) गेलात, उघडता आणि मिटता असे दोन्ही कंस टाकले, डाव्या ॲरोने एक घर मागे आलात, आत नाव लिहिलं आणि एस्केप दाबलं. पुढच्या जागी डॉट दाबला तर नुसतं नाव उमटतं. कंसांचा पत्ता नाही.

इन्सर्ट मोडमध्ये शिरल्यापासून एस्केप दाबेपर्यंत जे काही टाइप होतं तो एक बदल, हा मूळ नियम. पण मध्ये ॲरो, होम किंवा एंड दाबलं, किंवा माउसने दुसरीकडे क्लिक केलं, की विम आधीचा बदल तिथेच बंद करतं आणि नवा सुरू करतं. डॉटला मग त्या नव्याचीच आठवण राहते. एस्केप न दाबता एस्केप दाबल्यासारखं झालं म्हणा.

हे विचित्र वाटतं, पण त्याला इतिहास आहे. विमचा पूर्वज व्हीआय बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास लिहायला घेतला तो एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर. त्यावर बाणांची वेगळी बटणं नव्हतीच. बाण एच, जे, के, एल या अक्षरांवरच छापलेले होते. कर्सर हलवणं हे नॉर्मल मोडचं काम आणि इन्सर्ट मोड हा फक्त लिहिण्यासाठी, ही विभागणी तिथूनच आली. ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये विम प्रसिद्ध केलं. आज विममध्ये ॲरो चालतात, पण डॉटचा हिशोब जुन्या वळणाचाच राहिला आहे.

उपाय सोपा आहे, सवय लागायला मात्र आठवडा जातो. मजकूर डावीकडून उजवीकडे सलग लिहा: उघडता कंस, नाव, मिटता कंस. चुकलं तर बॅकस्पेस दाबा, त्याने बदल तुटत नाही. मागचा अख्खा शब्द पुसायला कंट्रोल-डब्ल्यू आहे. मागे जायचंच असेल तर एस्केप दाबून जा, म्हणजे बदल कुठे तुटला हे निदान तुम्हाला माहीत असतं.

आता खरा त्रासदायक प्रकार. तुम्ही ॲरोला हातही लावलेला नाही, तरी तुकडे होतात. संशय घ्यायचा तो कंस आपोआप मिटवणाऱ्या प्लगइनवर (विमला वरून जोडलेल्या पुरवणीवर). उघडता कंस टाकला की ते मिटता कंस टाकून कर्सर मागे आणतं, आणि हे मागे आणणं तुमच्या वतीने डावा ॲरो दाबूनच केलं जात असेल तर परिणाम तोच. खात्री करायची तर विम '--क्लीन' हा पर्याय देऊन उघडा. त्यात तुमची सेटिंग आणि प्लगइन काहीच येत नाही. तिथे डॉट शहाण्यासारखा वागला तर चोर प्लगइनमध्ये आहे. प्लगइन स्वतः दुरुस्त करणाऱ्यांसाठी: ॲरोच्या आधी कंट्रोल-जी आणि मग मोठा यू पाठवला तर त्यानंतरच्या एका डाव्या-उजव्या हालचालीने बदल तुटत नाही. कर्सर त्याच ओळीत राहिला पाहिजे, एवढीच अट. ही सोय मुळात अशाच प्लगइनसाठी आली.

बदल बरोबर, जागा चुकीची

ओळीच्या शेवटी ; लावायचा आहे. तुम्ही $ दाबून शेवटी गेलात, ए दाबलं, ; टाकला, एस्केप. खालच्या ओळीवर येऊन डॉट दाबला तर कधी बरोबर लागतो, कधी ओळीच्या मध्येच घुसतो. 'कधी कधी चालतं' अशा तक्रारीइतकं डोकं खाणारं दुसरं काही नाही, म्हणून हे असं का होतं ते सांगतो.

$ ही हालचाल आहे, बदल नाही. डॉटला फक्त 'कर्सरच्या पुढे ; टाक' एवढंच आठवतं. खालची ओळ तेवढीच लांब किंवा आखूड असेल तर जे दाबल्यावर कर्सर आपसूक तिच्या शेवटच्या अक्षरावर येऊन थांबतो आणि सगळं बरोबर झाल्यासारखं दिसतं. ओळ दोन अक्षरांनी जरी लांब निघाली तरी ; मध्ये पडतो.

इथे $ आणि ए ऐवजी मोठा ए वापरा. 'ओळीच्या शेवटी जा आणि लिही' हे सगळं त्यात एकच बदल म्हणून नोंदवलं जातं. ओळीच्या सुरुवातीसाठी मोठा आय. शब्द पुसतानाही तेच. शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर असताना डी-बी ने मागे पुसून एक्सने उरलेलं अक्षर काढणारे पुष्कळ आहेत. ते दोन बदल झाले, डॉट फक्त शेवटच्या एक्सची पुनरावृत्ती करणार. डी-ए-डब्ल्यू शब्दात कुठेही कर्सर असताना अख्खा शब्द काढतं, शेजारच्या मोकळ्या जागेसकट, आणि तो एक बदल असतो.

हालचालही पुन्हा करता येते, पण तिची बटणं वेगळी. एफ किंवा टी ने ओळीतलं अक्षर शोधलं असेल तर पुढच्यावर जायला ; आणि उलट दिशेने जायला , वापरा. शोध घेतला असेल तर एन आणि मोठा एन. एका हाताने ; आणि दुसऱ्याने डॉट अशी लय लागली, की मोठमोठ्या ओळी पटापट साफ होतात.

डॉट भलतीच अक्षरं खातो

पाच अक्षरी शब्द व्हिज्युअल मोडमध्ये निवडला, सी दाबून नवा शब्द लिहिला. पुढचा शब्द आठ अक्षरी. त्याच्यावर डॉट दाबला तर पहिली पाच अक्षरं बदलतात आणि तीन अक्षरांचं शेपूट उरतं. वर सांगितलेली 'यू'ची चाचणी इथे काहीच पकडत नाही, कारण बदल तुटलेला नसतो.

व्हिज्युअल मोडमध्ये तुम्ही शब्द निवडला असं तुमच्या मनात आहे. विमने नोंदवलं ते एवढंच, की कर्सरपासून इतक्या लांबीचा मजकूर बदलला. निवड व्ही-आय-डब्ल्यूने केली असली तरी 'शब्द' ही कल्पना निवड होताक्षणी विरून जाते. डॉट तेवढ्याच लांबीचा मजकूर उचलतो.

म्हणून पुन्हा करायचा बदल निवड न करता, थेट सांगून करा. शब्दासाठी सी-आय-डब्ल्यू. अवतरणचिन्हांच्या आतल्या मजकुरासाठी सी, आय आणि ते चिन्ह. कंसासाठी सी, आय आणि कंस. इथे विम 'आतला मजकूर बदल' ही कृती लक्षात ठेवतं आणि डॉट नव्या जागी ती लांबी नव्याने मोजतो.

व्हिज्युअल मोडला नावं ठेवायची गरज नाही. तीन ओळी निवडून > ने आत सरकवल्या की डॉट पुन्हा त्याच तीन ओळी आणखी एक पायरी सरकवतो. दुसरीकडे जाऊन दाबला तर तिथल्या तीन. लांबी ठरलेली हवी असते तेव्हा हा स्वभाव कामालाच येतो.

फाइलभर एक शब्द बदलायचा, पण सगळीकडे नाही

शोधा-बदला कमांडला 'विचारून बदल' असा पर्याय असतो, पण प्रत्येक ठिकाणी हो-नाही करत बसणं मला कंटाळवाणं वाटतं. मधेच थांबून दुसरं काही दुरुस्त करावंसं वाटलं तर अख्खी साखळी तुटते. माझ्या मते इथे सी-जी-एन ला तोड नाही. विम ७.४ म्हणजे २०१३ पासून ते आहे, तरी अनेक जुन्या वापरणाऱ्यांना ठाऊक नसतं.

शब्दावर कर्सर ठेवून * दाबा. त्या शब्दाचा शोध लागतो, पण कर्सर पुढच्या ठिकाणी उडी मारतो, म्हणून मोठा एन दाबून परत या. आता सी-जी-एन, नवा शब्द, एस्केप. यापुढे नुसता डॉट. डॉट स्वतःच पुढची जुळणारी जागा शोधतो, तिथे जातो आणि बदलतो. एखादी जागा सोडायची असेल तर एन दाबून पुढे जा. त्या जागेवर आल्यावर ती बदलायची असेल तर डॉट, नसेल तर पुन्हा एन.

यात एक खाच आहे. जी-एन म्हणजे 'शेवटी जे शोधलं ते'. मध्येच तुम्ही दुसरा कुठला शब्द शोधलात, तर डॉट आता तो दुसरा शब्द बदलू लागतो. 'डॉटने भलताच शब्द बदलला' असं ऐकलं की मी आधी विचारतो, मध्ये काही शोधलं होतं का? उत्तर बहुधा हो असतं. जुना शोध परत आणायला / दाबून वरचा ॲरो दाबा. शोधांची यादी मागे सरकत जाते.

शोधा-बदला केल्यावर डॉट जुनंच काहीतरी करतो

कोलन देऊन चालवलेली कमांड डॉट मोजतच नाही. त्यामुळे तो त्याआधीचा बदल उकरून काढतो. कोलनच्या कमांडसाठी @ आणि त्यापुढे : दाबा, शेवटची कमांड जशीच्या तशी पुन्हा चालते. एकदा असं केलं की नंतर @@ पुरतं.

फक्त शोधा-बदलाच पुन्हा हवं असेल तर चालू ओळीवर & दाबा. पण विममध्ये & आधीचे पर्याय सोडून देतो. म्हणजे 'ओळीतले सगळे' असा जी लावला होता तरी & ओळीतला पहिलाच बदलतो. पर्यायांसकट हवं तर कोलन देऊन && लिहा. विमपासून निघालेल्या निओविमने & ला आपसूकच && ची जोड दिली आहे, त्यामुळे दोन मशीनवर एकच बटण वेगळं वागलं तर दचकू नका. जी-& हे अख्ख्या फाइलवर, पर्यायांसकट चालतं, पण शब्द मात्र शेवटच्या शोधातला घेतं. मध्ये दुसरं काही शोधलं असेल तर इथेही वरचीच खाच.

मॅपिंग किंवा प्लगइननंतर

स्वतः बनवलेल्या मॅपिंगमध्ये तीन बदल असतील तर डॉट तिसराच पुन्हा करतो. डॉटला मॅपिंग दिसत नाही, आतली मूळ बटणं दिसतात. प्लगइनचंही तसंच. टिम पोप यांचं रिपीट नावाचं प्लगइन यासाठीच आहे. मात्र ते नुसतं टाकून भागत नाही; समोरच्या प्लगइनने त्याला साथ द्यावी लागते, म्हणून त्याच्या माहितीपत्रात तसा उल्लेख आहे का पाहा. स्वतःच्या मॅपिंगसाठी एवढा खटाटोप नको असेल तर मॅक्रो, म्हणजे नोंदवून ठेवलेला बटणांचा क्रम, बरा.

मॅक्रो मध्येच थांबतो, किंवा थांबतच नाही

बदल दोन-तीन पायऱ्यांचा झाला की मी डॉटशी झटापट करत नाही. क्यू-क्यू ने नोंद सुरू, काम, क्यू ने नोंद बंद. @ आणि क्यू ने चालवायचा, नंतर @@.

मॅक्रो मध्येच थांबला तर आतली एखादी हालचाल फसली आहे. एफ ने स्वल्पविराम शोधायला सांगितलं आणि त्या ओळीत स्वल्पविरामच नाही, की विम मॅक्रो तिथेच सोडून देतं. शंभर वेळा चालवायला सांगितलं असेल तर उरलेल्या फेऱ्याही रद्द. मला हे संरक्षण वाटतं, दोष नाही. विचित्र ओळ आली की गाडी थांबते, आणि नेमकी तीच ओळ तुम्ही पाहायला हवी असते.

अशा ओळी वगळून बाकी सगळ्या बदलायच्या असतील तर ओळी निवडा, : दाबा (निवडलेल्या ओळींची खूण आपोआप येते), पुढे नॉर्मल कमांड आणि @क्यू लिहा. मॅक्रो प्रत्येक ओळीवर स्वतंत्र चालतो; एकीवर फसला तरी पुढची सुटत नाही. कर्सर दर ओळीच्या पहिल्या अक्षरावरून सुरू होतो. मात्र नोंद करताना शेवटी जे दाबून खाली उतरला असाल तर ते इथे नको. याच पद्धतीने नॉर्मल आणि पुढे नुसता डॉट दिला तर निवडलेल्या सगळ्या ओळींवर डॉट चालतो. ओळीशेवटी ; लावण्याच्या वरच्या उदाहरणात मी आता हेच करतो.

मॅक्रो थांबतच नसेल तर संशय शोधावर घ्या. फाइलच्या शेवटी पोचल्यावर शोध पुन्हा वरून सुरू होतो, ही विमची मूळ सेटिंग. स्वतःलाच हाक मारणारा मॅक्रो एन वर अवलंबून असेल आणि बदलानंतरही तो शब्द जुळतच राहत असेल, तर हालचाल कधीच फसत नाही आणि मॅक्रो गोल गोल फिरत राहतो. माझ्या एका फाइलीत एकाच शब्दापुढे अधोरेषांची अशी रांग लागली होती की ओळ पडद्याबाहेर गेली. अशा वेळी कंट्रोल-सी ने थांबवा, आणि पुढच्या खेपेला आधी 'सेट नोरॅपस्कॅन' करून घ्या.

चूक एकाच बटणाची असेल तर अख्खा मॅक्रो पुन्हा नोंदवू नका. रिकाम्या ओळीवर " क्यू पी दाबा; मॅक्रो मजकूर म्हणून उमटतो. तो दुरुस्त करा, ओळीच्या सुरुवातीला या आणि " क्यू वाय $ ने परत रजिस्टरमध्ये (मजकूर साठवायच्या विमच्या कप्प्यात) घ्या. वाय-वाय ने घेतलात तर ओळीच्या शेवटचं एंटरही सोबत येतं, आणि मॅक्रो दरवेळी एक ओळ खाली घसरू लागतो. या एंटरपायी माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

डॉट दरवेळी वेगळंच काही आणतो

एका ठिकाणी हे मुद्दाम केलेलं आहे. पुसलेल्या ओळी विम १ ते ९ क्रमांकांच्या रजिस्टरमध्ये ठेवतं, सगळ्यात ताज्या १ मध्ये. " १ पी ने ताज्या ओळी चिकटवल्यावर डॉट दाबला तर क्रमांक आपोआप एकने वाढतो आणि २ मधल्या ओळी येतात, मग ३ मधल्या. त्यामुळे मघाशी पुसलेला परिच्छेद नेमका कितव्या रजिस्टरमध्ये आहे हे आठवत नसेल तर " १ पी, मग यू, डॉट, यू, डॉट असं करत जा आणि हवा तो परिच्छेद दिसला की थांबा. ओळीपेक्षा लहान तुकडा, म्हणजे एखादा शब्द वगैरे पुसला असेल तर तो बहुधा या रांगेत सापडणार नाही. तो उणे चिन्हाच्या रजिस्टरमध्ये जातो, तिथून " - पी ने काढा.